‘ख्रिस्ताच्या ठायी’ : ऐक्याचा अर्थ

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तभक्तीसाठी अभंग हा परिचित रचनाप्रकार योजिला. त्यामुळे त्यांच्या अभंगांतील देव-भक्त ऐक्य आपण सहजच अद्वैताच्या अर्थाने घेतो. येथे एक भेद ध्यानात ठेवावा.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे वेगळेपण उरत नाही. अद्वैती ऐक्य या दृष्टान्ताने सांगितले जाते. योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील रूपक निराळे आहे. ख्रिस्त द्राक्षवेल, भक्त तिची फांदी. वेलीच्या रसावर फांदी जगते, फळते. तुटली तर वाळते. तरीही फांदी कधी वेल होत नाही.

मराठी बायबलमधील पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्ताच्या ठायी’ असा प्रयोग वारंवार आढळतो. ‘ठाय’ म्हणजे स्थान. स्थान म्हटले की आश्रय देणारा आणि आश्रय घेणारा असे दोघे आले. या ऐक्यात भक्ताचा अहंकार गळतो. भक्त मात्र उरतो, कारण प्रेमाला दोघे लागतात.

स्वयं-अध्ययन : टिळकांचा एक अभंग निवडा. त्यातील ‘मी’ आणि ‘तू’ यांचे नाते शेवटपर्यंत कसे राहते, ते सोदाहरण लिहा.