प्रकाशाला मागे टाकणारे झोत?

प्रश्न : क्वेसारमधून निघणारे झोत प्रकाशापेक्षा कितीतरी पट वेगाने जाताना रेडिओ दुर्बिणींनी टिपले आहेत, असे वाचले. मग प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही, हे आइन्स्टाइनचे म्हणणे चुकीचे ठरले का?

उत्तर : नाही. मोजमाप बरोबर आहे आणि आइन्स्टाइनचे म्हणणेही.

३सी २७९ या क्वेसारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा, प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ५ अब्ज वर्षे लागतात. ऑक्टोबर १९७० आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन आणि मॅसॅच्युसेट्समधल्या हेस्टॅक इथल्या दुर्बिणींनी तो एकाच वेळी पाहिला. दोन्हीकडे अणुघड्याळाच्या ठोक्याबरोबर रेडिओलहरी फितींवर नोंदवल्या, मग त्या फिती एकत्र आणून जुळवल्या. दोन दुर्बिणींमधले सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर हाच जणू एका दुर्बिणीचा व्यास झाला. त्यात दोन तेजस्वी ठिपके दिसले आणि चार महिन्यांत त्यांच्यातले अंतर वाढलेले आढळले. हिशेब केला तर वेग आला प्रकाशाच्या जवळपास दहापट!

गोम आहे ती झोताच्या दिशेत. तो जवळजवळ आपल्याच रोखाने येतो. समजा, झोतातला एक गोळा प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी ८ अंशांचा कोन करून निघाला. १०० वर्षांत तो आपल्याकडे ९८ प्रकाशवर्षे सरकतो आणि बाजूला जेमतेम १४. प्रवासाच्या शेवटी निघालेल्या प्रकाशाला ९८ प्रकाशवर्षे कमी कापावी लागतात, म्हणून तो सुरुवातीच्या प्रकाशामागून अवघ्या दोन वर्षांत पोहोचतो. आपल्याला दिसते ते एवढेच : दोन वर्षांत १४ प्रकाशवर्षे, म्हणजे प्रकाशाच्या सातपट वेग.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे केंब्रिजच्या मार्टिन रीस यांनी असे दिसेल हे १९६६ मध्येच, निरीक्षणाच्या आधी, गणिताने मांडले होते.

एप्रिल २०१७ मध्ये 'इव्हेंट होरायझन' दुर्बीणजाळ्याने हाच क्वेसार पुन्हा पाहिला. बारकावा होता 'विकला' या कोनाच्या सूक्ष्म एककाच्या सुमारे २० दशलक्षांशाचा. जाळ्यातल्या दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीची नोंद असलेल्या हार्ड डिस्क तिथला हिवाळा सरेपर्यंत विमानाने आणताच आल्या नाहीत. २०२० मध्ये चित्र प्रसिद्ध झाले. झोताचे मूळ सरळ नसून पिळवटलेले निघाले, आणि त्यातले भाग प्रकाशाच्या १५ ते २० पट वेगाने सरकताना दिसले. आपल्या रोखाने येणाऱ्या झोताचे तेजही त्याच्या प्रकाशाजवळ पोहोचणाऱ्या खऱ्या वेगामुळे कित्येक पट वाढते. उलट दिशेला जाणाऱ्या त्याच्या जोडीदार झोताचे तेज खूप घटते, म्हणून तो या चित्रात दिसतच नाही.