पदवीचा विद्यार्थी आणि संशोधनाची पहिली पेरणी

सन २०२० च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भातील अनेक शेतकऱ्यांनी पेरलेले सोयाबीन उगवले नाही. आदल्या वर्षी काढणीच्या तोंडावर आलेल्या अवकाळी पावसाने उभे पीक भिजले होते, आणि त्या पिकाचे दाणे बियाणे म्हणून पुढे आले होते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते व अंकुर त्या टरफलाच्या अगदी लगत असतो. मळणीयंत्राचा वेग वाढला, पोती उंचावरून आदळली किंवा साठवणीत ओल राहिली, तर वरून टपोरा दिसणारा दाणा आतून निकामी झालेला असतो. ज्या प्रश्नावर शेतकऱ्याचा सबंध हंगाम अवलंबून असतो, त्याच्या अभ्यासास मोठ्या उपकरणांची गरज लागू नये, ही सुदैवाची गोष्ट होय. चारशे दाणे, उगवणीचा कागद, आठ दिवसांचा अवधी आणि पाहण्याची शिस्त एवढे पुरेसे असते. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यास संशोधनाचा पहिला धडा देण्यासाठी प्राध्यापकास याहून सोयीचा विषय क्वचितच सापडेल.

चाचणीची रीत साधी आहे. बियाण्याच्या नमुन्यातून न निवडता, हाताला येतील तसे शंभर-शंभर दाण्यांचे चार संच मोजावयाचे, ते ओल्या कागदात गुंडाळून ठेवावयाचे व आठव्या दिवशी निरोगी रोपे मोजावयाची. वाकडी, खुंटलेली किंवा मूळ नसलेली रोपे मोजणीत धरावयाची नाहीत. प्रमाणित सोयाबीन बियाण्यास किमान ७० टक्के उगवण आवश्यक मानली आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीस चार संचांत अनुक्रमे ७८, ७४, ७६ व ५२ रोपे मिळाली. सरासरी बरोबर ७० येते. म्हणजे बियाणे कसेबसे उत्तीर्ण होते. चौथा संच वगळल्यास सरासरी ७६ होते आणि बियाणे उत्तम ठरते. या ठिकाणी मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. घाईत असलेला प्राध्यापक सरासरी लिहून टाकण्यास सांगेल. निकाल देखणा हवा असलेला प्राध्यापक चौथा संच विसरण्यास सांगेल. जाणता मार्गदर्शक मात्र प्रथम इतकेच विचारतो, की चौथी गुंडाळी कोठे ठेवली होती? ती कडेला राहून वाळली काय? कागदावर बुरशी दिसली काय? आठ दिवसांच्या नोंदवहीत त्याचा काही उल्लेख आहे काय? संचासंचांतील तफावत ठरावीक मर्यादेबाहेर गेली, तर चाचणी पुन्हा करावी असा बीजपरीक्षणाचा नियम आहे. तेव्हा उत्तर ७० नाही आणि ७६ही नाही. आणखी चारशे दाणे व आणखी आठ दिवस, हे त्या विद्यार्थिनीचे उत्तर होय.

हा आग्रह पांडित्याचा नाही. उगवण ७० टक्के असल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते. उगवण ६० टक्के असल्यास त्रैराशिकाने ते ८७.५ किलो होते. विद्यार्थिनीच्या वहीतील दहा टक्क्यांची चूक शेतकऱ्याच्या शेतात साडेबारा किलोंची तूट होऊन उतरते, आणि ती तूट लक्षात येईपर्यंत पेरणीची वाफ निघून गेलेली असते.

परंपरेचा धागा

महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर जाऊन प्रत्यक्ष गावाचा अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची जमीन, पाणी, पिके, कर्ज व कुटुंबांची मिळकत यांची पाहणी सहकाऱ्यांसह केली आणि ती १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जातेगाव बुद्रुकच्या दुसऱ्या पाहणीत श्री. ना. वि. कानिटकर त्यांचे सहलेखक होते. दख्खनच्या कोरडवाहू शेतीवरील कानिटकरांचे पुढील कार्य सर्वश्रुत आहे. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले असून, त्या पाहणीतील शेतांवर इमारती उभ्या आहेत. जुन्या नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणूनच त्या गावाचे कृषिजीवन आज कळू शकते.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोल्याचे १९६९ मध्ये आणि दापोली व परभणी येथील विद्यापीठे १९७२ मध्ये स्थापन झाली. शिक्षण, संशोधन व विस्तार ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली असावीत, ही त्यामागील कल्पना होती. पदवीच्या अखेरच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावोगाव जाणारे कृषिदूत व कृषिकन्या आता खेड्यांना चांगलेच परिचित झाले आहेत. बीजप्रक्रिया, माती नमुना आणि चारा प्रक्रिया यांची प्रात्यक्षिके ते करून दाखवितात. मात्र प्रात्यक्षिक आणि संशोधन या दोन भिन्न गोष्टी होत. प्रात्यक्षिकात उत्तर आधीच ठाऊक असते. या दोहोंतील सीमा ओलांडण्यास विद्यार्थ्याला मार्गदर्शकाचे बोट धरावे लागते.

हंगाम आणि सत्र

पाऊस विद्यापीठाचे वेळापत्रक पाहत नाही, ही पदवीपूर्व संशोधनातील सर्वांत मोठी अडचण आहे. मध्यम कालावधीची तूर साधारण सहा महिने शेतात उभी असते. सत्र त्याआधीच संपते. परीक्षेच्या आठवड्यात पीक फुलोऱ्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी नोंदी घ्यावयाच्या असतात. शिवाय खरिपातील चूक सुधारण्यासाठी पुढील जूनची वाट पाहावी लागते, तोवर विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो. म्हणून विषय निवडतानाच प्राध्यापकास बोटांवर दिवस मोजावे लागतात. सुमारे ६५ ते ७० दिवसांत येणारा मूग एका सत्रात बसतो. उगवणीची चाचणी सोळा दिवसांत दोनदा करता येते. उत्साही विद्यार्थ्याचा मोठा विषय लहान करून देणे हे अप्रिय काम आहे, परंतु ते न केल्यास अर्धवट प्रबंधांचा गठ्ठा तेवढा कपाटात वाढतो.

क्षेत्रप्रयोगाची आखणी हा दुसरा धडा. पाच खतमात्रांची तुलना करावयाची असेल, तर पाच वाफे आखून भागत नाही. कारण एकाच शेताच्या वरच्या व खालच्या अंगाच्या मातीत फरक असतो. प्रत्येक मात्रा चार वेळा, चिठ्ठी टाकून ठरविलेल्या जागी दिली, म्हणजे वीस वाफे होतात आणि जमिनीतील फरक मात्रांच्या फरकातून वेगळा काढता येतो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी विकसित केलेली ही पद्धती भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत पोचविण्याचे मोठे श्रेय डॉ. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथास जाते. चिठ्ठी कशासाठी टाकावयाची, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. पुस्तक दाखविण्याऐवजी शेताच्या दोन टोकांची ढेकळे त्याच्या हातावर ठेवणारा प्राध्यापक ते अधिक लवकर समजावून देतो.

पर्यावरणाच्या अभ्यासात जबाबदारी आणखी नाजूक होते. ‘गावातील पाण्याचे प्रदूषण’ हा विषय एका विद्यार्थ्यास झेपणारा नाही. ‘या सहा विहिरींतील नायट्रेट पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर किती’ हा झेपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. नमुना थंड ठेवून शक्य तितक्या लवकर तपासावा लागतो, अन्यथा त्यातील सूक्ष्मजीवांमुळे आकडा बदलतो. एका विहिरीचा आकडा मर्यादेबाहेर आला, आणि तो चावडीवर बोलला गेला, तर ज्याची विहीर त्याचे पाणी कोणी घेत नाही. पुन्हा तपासणी होईपर्यंत तो आकडा वहीत ठेवावा, आणि खात्री पटल्यावर मात्र मुळीच लपवू नये, या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यास एकाच वेळी शिकवाव्या लागतात. बाटलीवर विहिरीच्या मालकाच्या नावाऐवजी क्रमांक लिहिण्याची सवय याच कारणासाठी लावतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने चार वर्षांच्या पदवीत संशोधनास स्वतंत्र स्थान दिले. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेता येतो. तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र गुणपत्रिकेत मागे असलेला, पण घरच्या शेतीमुळे पिकाची नजर असलेला विद्यार्थी या चाळणीतून खाली पडतो, हे नमूद करावयास हवे. असे विद्यार्थी पहिल्या वर्षीच हेरून त्यांना नोंदी घेण्याच्या कामात सामील करणे प्राध्यापकांच्या हाती आहे, आणि त्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

श्रेयाचा प्रश्नही येथेच येतो. पहाटे शेतात जाऊन पाने मोजणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव निबंधावर असावे, हे उघड आहे; तरी ते काम सुरू होण्यापूर्वी ठरवून घेतलेले बरे. नव्या खतमात्रेने उत्पन्न वाढले नाही, असा निष्कर्षही निष्कर्षच असतो व तो गुणदानात कमी लेखला जाऊ नये. अन्यथा पुढच्या तुकडीतील विद्यार्थी आकडे वाकविण्यास शिकतील.

ज्याच्या पोत्यातून दाणे घेतले किंवा ज्याच्या शेतातून माती आणली, त्या शेतकऱ्यास निकाल बहुधा कळतच नाही. प्रबंध बांधला जातो, तोंडी परीक्षा होते आणि तो ग्रंथालयात जातो. काही मार्गदर्शक प्रबंधावर सही करण्यापूर्वी एका साध्या कागदाची मागणी करतात. त्यावर मराठीत पाच-सहा ओळी असतात: आपल्या बियाण्याची उगवण इतकी टक्के, एकरी इतके किलो पेरावे, पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करावी. हा कागद विद्यार्थ्याने स्वतः गावी नेऊन द्यावयाचा असतो, आणि तोही मृगाच्या आधी.