गाणगापूर पुढच्या वेळी

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या शिरूर अनंतपाळकडं एक बेत हमखास शिजतो. क्रूझर ठरवायची, पहाटेच निघायचं, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करून येता येता पंढरपूर. दोन दिवसांत चार देव! मोठ्यांच्या पदरी पुण्य पडतं. चार वर्षांच्या लेकराच्या वाट्याला मात्र रांग, उलटी आणि ‘गप बस की जरा’.

म्हणून म्हणते, लेकरं लहान आहेत तोवर यादी निम्मी करा. तुळजापूर, अक्कलकोट पुरे. विठोबा काही वीट सोडून कुठं जात नाही. वाचलेला वेळ वाटेतच खर्चा.

वाटेवर बघण्यासारखं काय कमी आहे का? निलंग्याहून औशाकडं निघालात की खरोशाची सहाव्या शतकातली लेणी गाठता येतात. पुढं औशाचा भुईकोट. पण माझं मत विचाराल तर जास्त वेळ राखून ठेवा नळदुर्गासाठी. तुळजापूरहून अक्कलकोटला जाताना तो वाटेतच आहे. बोरी नदी अडवायला किल्ल्यातच धरण बांधलंय आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल. काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 च्या सुमाराचं. पाऊस चांगला झालेला असला आणि नर-मादी धबधबे वाहत असले, तर बाहेर पाणी कोसळत असतं अन् आतला माणूस कोरडा! पोराला हे सांगून पटायचं नाही, दाखवावंच लागतं. तटावर आणि पाण्याच्या कडेला मात्र हात सोडू नका. फोटो नाही निघाला तरी चालेल.

आता गाडीतलं. क्रूझरच्या मागच्या आडव्या बाकांवर पोरं कोंबायची आपली जुनी सवय. तिथं आडवं बसून पोटात ढवळतं, आणि बहुतेक गाड्यांत तिथं पट्टाही नसतो. कानाच्या आतल्या भागाला गाडी हललेली कळते, मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना काहीच हललेलं दिसत नाही. या ओढाताणीतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. त्यांना मधल्या सीटवर, तोंड पुढं करून बसवा आणि मोबाइल पिशवीत टाका. निघताना पोटभर दूध पाजू नका. दशमी-धपाट्याचा एकेक तुकडा अधूनमधून द्या.

पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन बसायची हौस तर सोडाच. जोराचा ब्रेक लागला की आईच्या हातांनाही ते धरवत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर 1000 रुपये दंड आहे. दंडाचं जाऊ द्या, गाडी ठरवतानाच विचारा, ‘मधल्या सीटला पट्टे चालू आहेत का?’ मालक हसेल, हसू द्या.

खरी अडचण गाडीवाल्याची नाहीच, घरातल्या सासूबाईंची आहे. गाणगापूर गाळलं म्हटल्यावर तोंड फुगणारच. त्यांचा नवस असेल तर शेजारच्या मावश्यांना सोबत घेऊन त्या एसटीनं सावकाश जाऊन येतील. महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत बायकांना तिकीटही अर्धंच, आणि नातवंडं पायात नसल्यावर दत्ताचं दर्शन त्यांनाही निवांत घडेल.