फालतू मेल आणि सॉर्टेक्सची फुंकर

प्रश्न : गोंदिया-आमगाव रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये मी मुनीम आहे. मिलचा मेल मीच बघतो. रोज पन्नासेक फालतू मेल येतात. कर्ज घ्या, बारदाना घ्या, लॉटरी लागली, वजन कमी करा. पुतण्या म्हणाला, 'काका, खाली अनसब्स्क्राइब लिहिलेले असते, ते दाबत जा.' धानखरेदीची गर्दी सुरू व्हायच्या आधी दोन दिवस बसून एकूण एक मेलवर ते दाबले. पंधरा दिवसांत पन्नासचे सत्तर झाले! आमचा पत्ता या लोकांना देतो कोण, आणि हे बंद कसे करायचे?
– एक वाचक, आमगाव

उत्तर : मुनीमजी, पुतण्याचा सल्ला निम्मा बरोबर होता. घात केला तो उरलेल्या निम्म्याने. त्याकडे येतोच, पण आधी तुमच्याच धंद्यातलं एक यंत्र मध्ये घेतो, कारण मला स्वतःला हा विषय नीट कळला तो त्या यंत्रासमोर उभं राहून.

गोंदियाच्या एका मिलमध्ये मी सॉर्टेक्स चालताना पाहिलं. तुम्हाला त्याचं काय कौतुक, पण इतर वाचकांसाठी सांगतो. भरडून पांढरा झालेला तांदूळ वरून अरुंद पन्हळींमधून धारेने खाली येतो. कॅमेरे दाणा न् दाणा बघतात. काळा, पिवळा, डागी दाणा दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला धारेबाहेर उडवते. फुंकर दिसत नाही, नुसता टकटक आवाज येत राहतो आणि बाजूच्या तोंडातून डागी माल पडत राहतो. त्या मालात मी हात घातला, तर मुठीत सात-आठ दाणे अगदी स्वच्छ. ऑपरेटर म्हणाला, "जाते थोडा चांगला माल. फुंकर एकाच दाण्याले कशी लागन?" म्हणून तो माल पुन्हा एकदा यंत्रातून काढतात.

तुमच्या मेलमध्येही असं एक सॉर्टेक्स दिवसरात्र चालू आहे. जीमेल ९९.९ टक्क्यांहून जास्त स्पॅम अडवतं, असं गूगल सांगतं. तुम्हाला वैताग आणतात ते त्या यंत्राच्या नजरेतून निसटलेले दाणे. ही नजर तयार झाली ती वाचकांच्या बोटांवर. ऑगस्ट २००२मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रॅमरने एक लेख लिहून दाखवलं की नियम लिहीत बसू नका. चांगल्या मेलचा एक ढीग आणि वाईट मेलचा एक ढीग यंत्रापुढे ठेवा, कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते यंत्रालाच मोजू द्या. मोजल्यावर गंमत निघाली. भडक लाल अक्षरांसाठी संगणकाला द्यावा लागणारा संकेत हा अश्लील शब्दांइतकाच स्पॅमचा पक्का पुरावा ठरला. हे त्याला आधी सुचलं नसतं, मोजणीनेच दाखवलं. आज ही यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत, पण ढीग अजून आपणच लावून देतो. म्हणून फालतू मेल नुसता डिलीट करू नका. डिलीटमधून यंत्र काही शिकत नाही. 'रिपोर्ट स्पॅम' दाबा, म्हणजे दाणा डागी आहे हे त्याला कळतं.

आता तुमचे पन्नासचे सत्तर का झाले ते. आपण विसरतो की पाठवणाऱ्याकडेही एक चाळणी असते. पोस्टाने एक कोटी पत्रकं वाटायची तर तिकिटांतच दिवाळं निघेल. मेलला तिकीट नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २००८मध्ये स्पॅम पाठवणाऱ्या संगणकांच्या एका जाळ्यात शिरून हिशेब मांडला होता. २६ दिवस, जवळपास ३५ कोटी मेल, आणि गिऱ्हाइकं किती? २८. (एक सोडून सगळ्यांना पुरुषार्थ वाढवायचं औषध हवं होतं. असो.) असल्या धंद्यात पत्त्यांचा ढीग फुकट असतो. किंमत असते ती 'या पत्त्यामागे जिवंत माणूस बसलेला आहे' या बातमीला. तुम्ही दोन दिवस बसून ती बातमी घरपोच दिलीत. त्यांच्या चाळणीत दाणा स्वतः उडी मारून चांगल्या मालात गेला. असे पत्ते मग जास्त भावाने पुढे विकले जातात.

त्या चाळणीचा आणखी एक नमुना. लॉटरीचे मेल इतके गचाळ का असतात, चार ओळींत सहा चुका का, असाच काहीसा प्रश्न मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मक हर्ली यांनाही पडला होता. २०१२मध्ये त्यांनी उत्तर मांडलं : गचाळपणा फायद्याचा आहे. शहाणा माणूस पहिल्या ओळीतच हसून निघून जातो, आणि ठग त्याच्यामागे वेळ घालवायचा वाचतो. जो तरीही उत्तर देतो, तोच त्याला हवा असतो. अर्थात हे लॉटरीवाल्यांचं. बँकेच्या किंवा कर खात्याच्या नावाने येणारे खोटे मेल हल्ली अगदी शुद्ध भाषेत असतात, तेव्हा भाषेवर विसंबू नका.

तर पुतण्याचा निम्मा बरोबर सल्ला कुठला? ज्या दुकानाला, कंपनीला पत्ता तुम्हीच दिला होता, तिचे जाहिरातीचे मेल अनसब्स्क्राइब करायला हरकत नाही. २०२४पासून गूगल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांवर सक्तीच केली आहे की जाहिरातीचा मेल एका दाबात बंद करता आला पाहिजे. ते बटण मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसतं. तेच वापरा, मेलच्या पोटातली लिंक नको. आणि ज्याचं नावही कधी ऐकलं नाही, त्याला काहीच दाबून दाखवू नका. चित्रंसुद्धा उघडू देऊ नका. अशा मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, एका ठिपक्याएवढं चित्र ठेवलेलं असतं. ते उघडलं की मेल वाचल्याची वर्दी पलीकडे जाते. सेटिंगमध्ये 'चित्रं दाखवण्याआधी विचारा' हा पर्याय आहे, तो लावून ठेवा.

पत्ता दिला कोणी? बहुधा तुम्हीच, आणि चांगल्या कामासाठी. मिलच्या वेबसाइटवर, व्यापाऱ्यांच्या सूचीत, तांदळाच्या जाहिरातीखाली तो छापलेला असतो. वेबसाइटी चाळत फिरून पत्ते गोळा करणारे प्रोग्रॅम असतात. शिवाय एखाद्या कंपनीकडची यादी चोरीला जाते, आणि काही वेळा नुसतं नावापुढे नाव लावून पत्ते अंदाजाने बनवले जातात. कोणी फोडला हे पकडायची एक युक्ती आहे. जीमेलच्या पत्त्यात नावानंतर अधिकचं चिन्ह देऊन काहीही शब्द लिहिला, तरी मेल तुमच्याकडेच येतो. बारदानावाल्याला पत्ता देताना अधिक चिन्हापुढे 'बारदाना' लिहा. उद्या त्या पत्त्यावर वजन कमी करायचा मेल आला, तर चोर कुठल्या वाटेने आला ते कळेल. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत. तिथे कामापुरता दुसरा पत्ता काढलेला बरा. मी स्वतः तीन ठेवतो : एक बँक आणि सरकारी कामाचा, जो कुठेही छापत नाही. एक धंद्याचा. तिसरा कूपन, मॉल, मोफत वायफाय वगैरेंचा, जो मी महिन्यातून एकदा नाक धरून उघडतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुनीम म्हणून तुम्हाला जास्त नुकसान उलट्या बाजूने होऊ शकतं. स्वच्छ दाणाही फुंकरीने उडतो. मिलच्या भरडाईच्या लॉटबद्दलचा खरा मेल स्पॅममध्ये पडला तर? जीमेल तो ३० दिवसांनी आपोआप पुसतं. तेव्हा आठवड्यातून एकदा स्पॅमच्या पेटीत हात घाला आणि चांगला मेल दिसला की 'नॉट स्पॅम' दाबा. मिलच्या स्वतःच्या नावाचा मेल-पत्ता असेल, तर तुमचं कोटेशनही गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जात असेल. कारण मेलच्या जुन्या रचनेत पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचं प्रेषकाचं नाव. कोणाचंही लिहा, पोस्टमन विचारत नाही. नको ते मेल अडवायची सोयच नाही, असं टिपण संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५मध्येच लिहून ठेवलं होतं. ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्कने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात धाडली, आणि धंदा सुरू झाला.

पाठवणाऱ्याच्या खोट्या नावावरचा उपाय तुम्हाला शेतातूनच सांगतो. धानात उगवणाऱ्या रानटी धानाला शेजारच्या छत्तीसगडात करगा म्हणतात. लोंब येईपर्यंत तो हुबेहूब धानासारखा दिसतो, निंदणाला गेलेल्या बायाही फसतात. तेव्हा रायपूरच्या कृषी विद्यापीठाने जांभळ्या पानांचं 'श्यामला' हे वाण काढलं. आता शेतात जे हिरवं दिसेल ते उपटा! मेलमध्ये खऱ्याला जांभळं करण्याच्या तीन खुणा आहेत. एसपीएफ म्हणजे मिलच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर न दिसणारा शिक्का. डीमार्क म्हणजे या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ती सूचना. ज्याने वेबसाइट करून दिली, त्याला हे तीन शब्द सांगा. काम थोडक्या वेळाचं आहे. शंका असलेल्या मेलची हीच खूण तुम्हीही बघू शकता. संगणकावर मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' उघडा, तिन्हींपुढे 'पास' की 'फेल' ते लिहिलेलं असतं. 'पास' म्हणजे पाठवणारा सज्जन असं मात्र नव्हे. पत्ता त्याचाच आहे, एवढंच.

प्राप्तिकराच्या नोटिशीचा मेल आला तर लिंक न दाबता आधी दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन शोधा. ऑक्टोबर २०१९पासून खात्याच्या पत्रावर तो लागतो आणि खात्याच्या ई-फायलिंग साइटवर खरा-खोटा पडताळता येतो. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपल्या साइटचा पत्ता 'बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं. शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाकू नका. आणि जुन्या व्यापाऱ्याचा 'आमचा खाते क्रमांक बदलला' असा मेल आला, की चुकारा धाडण्याआधी त्याच्या आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

प्रश्न : फोन-एसएमएससाठी १९०९ आहे, तसे मेलसाठी काय? तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, देवरी

उत्तर : १९०९ हा तक्रारीचा क्रमांक फक्त फोन आणि एसएमएससाठी. नुसता नकोसा मेल पाठवण्याविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ खाली त्रासदायक मेल पाठवणं हा गुन्हा होता, पण ते कलम बोलण्यावरच गदा आणतं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि मला विचाराल तर योग्यच केलं. सोंग घेऊन फसवणूक केली तर मात्र कलम ६६ड आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

प्रश्न : माझ्या जीमेलवर दुसऱ्याच कोणाची भरती परीक्षेची पत्रे येतात. नाव-आडनाव सारखेच आहे, त्याच्या पत्त्यात फक्त एक टिंब जास्त. हा स्पॅम समजायचा का?
– एक वाचक, तिरोडा

उत्तर : नाही. जीमेल टिंब मोजतच नाही. टिंब असलेला आणि नसलेला, दोन्ही पत्ते तुमचेच. तो दुसऱ्याला मिळूच शकत नाही. पटले, बिसेन, कटरे, रहांगडाले यांची आपल्या जिल्ह्यात काय कमी? त्यातल्या कुणाचा फॉर्म भरताना सेतू केंद्रात पत्ता चुकीचा टाइप झाला असणार. स्पॅम दाबलंत तर उद्या तुमच्याच अर्जाची पत्रं स्पॅममध्ये जायची. पत्रावर उमेदवाराचा मोबाइल नंबर असेल तर त्याला एक फोन करा. आणि प्रवेशपत्र आलेलं असेल तर आजच करा, परीक्षेची तारीख त्याच्यावरच लिहिलेली आहे.