गळ्याच्या मध्यावरची गाठ

गळ्याला गाठ आली की आमच्या निपाणी-बेळगाव भागात पहिला प्रश्न निघतो तो तंबाखूचा. तंबाखूने तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो, हे खरेच आहे. परंतु ज्यांनी जन्मात विडी ओढली नाही अशा मुलांस व गृहिणींसही गळ्याच्या बरोबर मध्यावर गाठ येते. तिचे मूळ जन्मापूर्वीचे असते. हा विषय ट्रस्टच्या सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस सोप्या रीतीने समजावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेवर थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती मुळात तेथे जन्मत नाही. गर्भ सुमारे चार आठवड्यांचा असता ती जिभेच्या बुडाशी उत्पन्न होते व हळूहळू खाली उतरून सातव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या जागी येते. उतरताना तिच्या मागे एक बारीक नळी राहते. काम संपल्यावर ही नळी नाहीशी व्हावयाची असते. उसाच्या शेतातील पाट बुजविला तरी एखाद्या खोलगट जागी पाणी साचून राहते, तसा या नळीचा तुकडा काहींच्या गळ्यात शिल्लक राहतो. त्यात द्रव साचला की गाठ दिसू लागते.

ती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. थायरॉइडची गाठ घोट गिळताना वर सरकते, ही गाठही सरकते. पण जीभ बाहेर काढल्यावरही जी वर चढते ती बहुधा या नळीचीच. कारण नळीचा संबंध जिभेच्या बुडाशी व तेथील हायॉइड नावाच्या नालाच्या आकाराच्या हाडाशी असतो.

आता कर्करोगाविषयी. नळीच्या भिंतीत काही वेळा थायरॉइडच्या पेशी राहून गेलेल्या असतात. म्हणून थायरॉइडला होणारा कर्करोग क्वचित तेथेही होतो. अशा शंभर गाठींत सुमारे एकीत तो सापडतो, आणि तोही बहुतेक पॅपिलरी नावाच्या, सावकाश वाढणाऱ्या प्रकारचा. तो मुलांपेक्षा प्रौढांत अधिक आढळतो. गाठ कठीण होणे, झपाट्याने वाढणे, एका जागी घट्ट बसणे किंवा मानेच्या बाजूसही गाठी येणे, ही संशयाची चिन्हे होत. मात्र पुष्कळदा कोणतेच चिन्ह नसते. सुईने काढलेल्या द्रवात रोगट पेशी येतीलच असे नाही. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच निदान होते. म्हणून तो तपासणी-अहवाल घेतल्यावाचून राहू नये.

अमेरिकेतील शल्यविशारद सिस्ट्रंक यांनी १९२० साली दाखवून दिले की, केवळ गाठ काढून भागत नाही. हायॉइड हाडाचा मधला तुकडा व जिभेकडे जाणारा मार्गही काढावा लागतो. तसे न केल्यास गाठ पुन्हा येण्याचा संभव फार. आजही हीच शस्त्रक्रिया करतात. तत्पूर्वी सोनोग्राफी अवश्य करावी. कारण क्वचित ती गाठ हीच त्या व्यक्तीची एकमेव थायरॉइड असते!

कर्करोग लहान व गाठीपुरता असेल, तर पुष्कळांस एवढीच शस्त्रक्रिया पुरते. पसरला असेल तर थायरॉइडही काढतात, जरूर तर किरणोत्सारी आयोडीन देतात, व पुढे रोज गोळी घ्यावी लागते. मुंबईस परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली स्थापन झाले, ते याच प्रकारच्या उपचारांसाठी प्रसिद्ध आहे. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात.

आमच्या वर्गातील एक मुलगी भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून बसे. घरी लेप चालू होता, गळ्यात ताईत होता. "कापले तर व्रण राहील, मग स्थळे कशी येणार?" असे तिच्या अम्मीचे म्हणणे. आम्ही दोन वेळा घरी गेलो. शेवटी शस्त्रक्रिया झाली, अहवाल निर्दोष आला. व्रण गळ्याच्या वळीत मिसळून गेला.

दुवा जरूर मागावी. पण दवा टाळू नये. निपाणीकरांस बेळगाव, कोल्हापूर, मिरज ही तिन्ही ठिकाणे जवळ आहेत. घरात कोणाच्या गळ्यावर गाठ दिसली, तर ती ओढणीखाली झाकू नका, डॉक्टरांस दाखवा.