मद्य आणि वाहन : इयत्ता सातवीसाठी एक पाठ



रस्ता कसा ओलांडावा हे आपण मुलांस पहिलीपासून शिकवितो. परंतु सर्व नियम पाळणाऱ्याचाही जीव मद्यपी चालकामुळे जाऊ शकतो, हे सातवीच्या मुलांस समजावून देणे अवश्य आहे.

उदाहरण आपल्याच उपनगरातील घ्यावे. १२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे वांद्रे येथील कार्टर रोडवर एका मोटारीखाली सात मजूर प्राणास मुकले व आठ जखमी झाले. रस्त्याच्या कामावर राबणारी ही माणसे कडेला निजलेली होती. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली.

गणिताशी संबंध : ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. मद्याने मेंदू मंदावून ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ती ८ मीटर अधिक पुढे जाते. हे अंतर मुलांकडून पटांगणात मोजून घ्यावे.

विज्ञानाशी संबंध : यकृत मद्यार्काचा निचरा आपल्या गतीनेच करते, सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅम. म्हणजे ११२ मिलिग्रॅमला सुमारे साडेसात तास लागतील. कॉफी, लिंबू वा थंड पाण्याचे स्नान यांनी ही गती वाढत नाही. शिवाय मद्य प्रथम विवेकावर घाला घालते; म्हणून ‘मी शुद्धीत आहे’ हे पिणाऱ्याचे म्हणणे प्रमाण मानू नये.

उपाय : निर्णय पिण्यापूर्वी व्हावा. समारंभास जाताना वाहन घरी ठेवावे. परतताना लोकल, बस वा रिक्षा घ्यावी, न प्यालेल्या सोबत्याच्या हाती वाहन द्यावे अथवा तेथेच मुक्काम करावा. पहिल्या अपराधासही सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सूचना : ‘तुझ्या घरी कोण पितो?’ असा प्रश्न वर्गात कदापि विचारू नये. त्या मुलाची मान खाली जाईल आणि पाठ तेथेच संपेल. मोठ्यांस अडविण्याचा भारही मुलांवर टाकू नये. प्यालेल्या चालकाच्या वाहनात बसू नये व जवळच्या विश्वासू मोठ्या माणसास तत्काळ सांगावे, एवढे मात्र प्रत्येक मुलाच्या मनावर ठसवावे.

स्वाध्याय : रात्री अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड स्थानकावरून स्वतःचे वाहन न चालविता घरी येण्याचे मार्ग पालकांस विचारून लिहा.