हाडांची दारे बंद पडू देऊ नका

साठी ओलांडलेली आई किंवा आजी एकदा घसरून पडली की घरचे म्हणतात, "आता बसून राहा, कशाला हात लावू नका." त्यात माया असते, पण हाडांच्या दृष्टीने हा सल्ला नुकसानीचा ठरू शकतो. का, ते पाहू.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असते. कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षार त्यातून सहज आत-बाहेर जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची बारीक दारे असतात. त्यांना वाहिनी प्रथिने म्हणतात.

स्नायूंतील दारे : बंदरावर मासळीची पाटी उचलताना मेंदूचा संदेश नसेतून स्नायूपर्यंत येतो. तिथली दारे उघडतात, पेशीत साठवलेले कॅल्शियम सुटते आणि स्नायू आवळतो. ते परत साठ्यात गेले की स्नायू सैल होतो. जुलाबात पोटॅशियम फार कमी झाले, तर या कामात बिघाड होऊन हातपाय गळतात. म्हणूनच जलसंजीवनीच्या पुडीत मीठ-साखरेबरोबर पोटॅशियमही असते.

हाडांतील दारे : हाड म्हणजे दगड नव्हे, त्यात जिवंत पेशी असतात. चालताना किंवा ओझे उचलताना हाड किंचित दबते. त्या दाबाने 'पिएझो-१' नावाचे दार उघडते, कॅल्शियम पेशीत शिरते आणि हाड बळकट करण्याचा निरोप मिळतो. पिएझो दारांचा शोध २०१० साली जाहीर झाला. तो लावणारे आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हाडांच्या पेशींत हे दार नसलेल्या उंदरांची हाडे पातळ व कमजोर झाली. अंतराळात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून अंतराळवीरांचीही हाडे झिजतात. महिनोन्महिने खाटेवर पडून राहिलेल्या माणसाचे तेच होते.

आतड्यांतील दारे : निरोप मिळाला, पण माल नसेल तर? अन्नातले कॅल्शियम शोषणारी दारे आतड्यात असतात. ती वाढवण्याचे काम ड जीवनसत्त्व करते आणि हे जीवनसत्त्व उन्हामुळे त्वचेत तयार होते. अन्नातून कॅल्शियम मिळाले नाही, तर हृदय आणि स्नायू चालू ठेवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेते.

प्रौढ माणसाला रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. तेवढ्याच नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम असते. आपल्या रत्नागिरीच्या जुन्या माणसांची नाचणीची भाकरी आणि आंबील आपण गरिबीचे खाणे म्हणून सोडली. ती ताटात परत आणा. काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी, शेवग्याचा पाला, दूध-दही जमेल तसे घ्या. सुकी मासळी खारवलेली असेल तर धुऊन घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेतानेच खावी.

रोज अर्धा तास चाला. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की ती सोडू नका. विहारात जाताना आजीला हात धरून चालत न्या.

मात्र पडल्यानंतर पाय टेकता येत नसेल, पाठ अचानक दुखू लागली असेल किंवा उंची कमी होऊन पाठीला बाक येत असेल, तर चोळत बसू नका. सरकारी रुग्णालयात दाखवा. हाड मोडले असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच उठवा, पण "कधी उठवायचे?" हे त्यांना आवर्जून विचारा.